रक्ताचा कॅन्सर, घरखर्च आणि सीमाभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावची. रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात घराचा पैसा कुठे जातो, कुणाचा जास्त जातो आणि कुणाचा उपचार पैशापायी अर्धवट राहतो, याच्या नोंदी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या कुटुंबांकडून गोळा करते. फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ओपीडीबाहेरच्या बाकावर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले आहेत. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. इथे बोलायचं आहे ते खर्चाबद्दल.

१. रक्ताचा कॅन्सर म्हणजे एकच आजार का? शेजारच्या काकांना नुसती गोळी आहे आणि आमच्या मुलाला केमो सांगितलीय.

एक नाही, अनेक आजार आहेत. ढोबळमानानं तीन गट धरा: रक्तपेशींचा ल्युकेमिया, लसिकाग्रंथींचा लिम्फोमा आणि बोन मॅरोमधल्या प्लाझ्मा पेशींचा मायलोमा. ल्युकेमियातही झपाट्यानं वाढणारे (एएलएल, एएमएल) आणि सावकाश वाढणारे (सीएमएल, सीएलएल) असे प्रकार आहेत. काकांना बहुधा सीएमएल असेल. त्यात रोजची गोळी वर्षानुवर्षे चालते. मुलांमध्ये एएलएल जास्त दिसतो. त्याला दोन ते तीन वर्षांचा उपचार लागतो आणि त्यातले पहिले काही महिने फार जड असतात.

खर्चाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. एका घराला थोडा थोडा पण न संपणारा खर्च असतो. दुसऱ्या घरावर सहा महिन्यांत सगळा डोंगर कोसळतो. दोघांना एकच मदत देऊन भागत नाही.

२. आरोग्य अर्थशास्त्र म्हणजे काय? डॉक्टर उपचार करतात, मग तुम्ही काय करता?

मोजतो. कुठल्या उपचारावर किती पैसा लागला, त्यातून किती आयुष्य आणि कसं आयुष्य मिळालं, आणि तो पैसा कुणाच्या खिशातून गेला. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (७५वी फेरी) रुग्णालयात भरती होण्याच्या कारणांमध्ये कॅन्सर सगळ्यांत महागड्या आजारांत होता. एका भरतीचा सरासरी वैद्यकीय खर्च सुमारे ६१ हजार रुपये. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे. पण सरासरी घराला वाटून घेता येत नाही. खानापूरच्या जंगलातल्या जांबोटीच्या पलीकडच्या घराला त्या ३९ टक्क्यांनी काही कळत नाही.

घराच्या एकूण खर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांहून जास्त रक्कम आजारपणावर गेली, तर त्याला आपत्तीजनक खर्च म्हणतात. सीमेवर किती घरं या रेषेपलीकडे गेली आणि ती कोणती, हे शोधणं म्हणजे विषमतेचा अभ्यास.

३. बिलांची फाईल आहे की आमच्याकडे. मग वेगळी वही कशाला मागता?

बिलात निम्मा खर्च छापलेलाच नसतो, म्हणून.

खानापूर तालुक्यातल्या एका घरी थोरल्या बहिणीनं शंभरपानी वहीत हिशेब ठेवला होता. घरच्यांच्या परवानगीनं सांगते. डाव्या पानावर तिनं ‘दवाखाना’ लिहिलं होतं आणि उजव्या पानावर ‘इतर’. योजनेत नाव बसल्यावर डावं पान जवळजवळ कोरं राहिलं. उजव्या पानाची मात्र मागची बाजूही भरली होती: वडाप, खोलीभाडं, शहाळी, रक्त द्यायला आलेल्या पोरांचा चहा-नाश्ता, झेरॉक्स, फोनचा रिचार्ज, बाबांचे भट्टीवरचे खाडे. मध्येच एका ओळीत ‘म्हैस दिली’ आणि पुढे रक्कम. म्हशीच्या दुधाचे रोजचे पैसे बंद झाले, ते मात्र तिनं कुठेच धरले नव्हते. तिला तो खर्च वाटलाच नाही.

आम्ही तीन कप्पे करतो. पहिला वैद्यकीय खर्च. दुसरा प्रवास, मुक्काम, जेवण. तिसरा बुडालेली मजुरी आणि विकलेल्या वस्तूंमुळे पुढे गेलेलं उत्पन्न. धोरण ठरवणारे बहुतेक वेळा पहिला कप्पा पाहतात. आपल्या भागातली घरं दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्यात मोडतात. मला या कामातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती ही.

४. तुम्ही माणसाच्या आयुष्याची किंमत लावता असं ऐकलं. हे खरं का?

हा प्रश्न रागानं विचारला जातो आणि तो राग मला समजतो.

संशोधनात ‘क्वाली’ नावाचं एकक वापरतात. पूर्ण तब्येतीचं एक वर्ष म्हणजे एक क्वाली. अंथरुणाला खिळून, वेदनेत काढलेलं वर्ष त्याहून कमी धरतात, समजा अर्धं. आता एक मानलेलं उदाहरण घ्या. जुन्या औषधानं एक क्वाली मिळते, नव्यानं दोन. नव्याला तीन लाख रुपये जास्त लागतात. म्हणजे वाढीव एका क्वालीचे तीन लाख. भारतात आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाचं काम २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली चालतं. तिथे साधारणपणे दरडोई उत्पन्नाइतक्या रकमेची रेषा धरतात, म्हणजे आज दोन लाखांहून थोडी जास्त. या हिशेबात उदाहरणातलं नवं औषध रेषेबाहेर जातं आणि मग किंमत कमी करून घेण्याची बोलणी करायला सरकारच्या हातात आकडा असतो.

ही किंमत तुमच्या माणसाची नसते. सरकारी तिजोरीतला मर्यादित पैसा कुठे लावल्यानं जास्त माणसं जगतील, याचा तो अंदाज असतो. पण त्यात एक खोट आहे आणि ती लपवू नये: साध्या हिशेबात बेंगळुरूच्या माणसाची क्वाली आणि खानापूर तालुक्यातल्या दूरच्या कणकुंबीच्या माणसाची क्वाली सारखीच धरली जाते, मग ती मिळवायला दुसऱ्यानं दहापट त्रास काढला असला तरी. फायदा कुणाच्या वाट्याला गेला तेही मोजणाऱ्या पद्धती आता आल्या आहेत. सीमाभागासाठी त्याच वापरायला हव्यात.

५. सीएमएलची गोळी पूर्वी लाखाची होती म्हणे. स्वस्त कशी झाली?

इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. त्याआधी सीएमएल म्हणजे काही वर्षांची मुदत. या गोळीनं बहुसंख्य रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. नोव्हार्टिस कंपनी हेच औषध ग्लिव्हेक नावानं विकायची. त्याची किंमत भारतात महिन्याला सुमारे सव्वा लाख होती. भारतीय कंपन्यांची तीच गोळी साधारण आठ-दहा हजारांत मिळत होती. कंपनीनं पेटंट मागितलं आणि सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) च्या आधारे ते नाकारलं. जुन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मिळणार नाही, असं ते कलम सांगतं. २०१५ मध्ये ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रानं कॅन्सरच्या ४२ औषधांवर विक्रीतल्या नफ्याची ३० टक्के मर्यादा घातली.

डॉक्टरांनी जेनेरिक (तेच औषध, दुसऱ्या कंपनीचं आणि स्वस्त) लिहून दिलं तर ते ‘कमी दर्जाचं’ समजून परत करू नका. शंका असेल तर त्यांनाच विचारा.

६. मग गोळी फुकट मिळाली की गरीब-श्रीमंत फरक संपला, असंच ना?

नाही संपत. याचा चांगला दाखला परदेशातला आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात २००४ पासून रक्ताच्या कॅन्सरच्या प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारं जाळं आहे. सुमारे ४० लाख लोकवस्तीचं निदान एकाच प्रयोगशाळेत होतं, त्यामुळे तुलना भक्कम होते. तिथे उपचार सरकारी आणि मोफत. तरीही सीएमएलच्या रुग्णांमध्ये गरीब वस्त्यांतले लोक सधन वस्त्यांतल्यांपेक्षा कमी जगले, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

गोळी तीच असताना असं का, तर रोजची गोळी न चुकणं, दर काही महिन्यांनी बीसीआर-एबीएल तपासणी (गोळी लागू पडते का, हे दाखवणारी रक्ताची तपासणी) होणं, त्रास झाल्यावर वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचणं, हे सगळं उपचारातच येतं. आपल्याकडे सुगीत खाडा नको म्हणून तपासणी पुढे ढकलली जाते. गोळी मिळते आणि ती लागू पडते का, हे वर्षभर कुणी पाहत नाही. बरं वाटतंय म्हणून स्वतःहून गोळी बंद करणारेही भेटतात. कृपा करून तसं करू नका. काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवतात, पण ते वारंवार तपासण्या करून.

७. आमचं बीपीएल रेशन कार्ड आहे. कर्नाटकात काय मिळतं? आणि एपीएल असेल तर?

आयुष्मान भारत आणि आरोग्य कर्नाटक या दोन योजना २०१८ मध्ये एकत्र झाल्या. बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतो. एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या (योजनेनं त्या उपचारासाठी ठरवलेल्या दराच्या) ३० टक्के रक्कम मिळते, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत. उरलेले ७० टक्के घरचे.

कटकट होते ती रेफरलची. तातडीचा प्रसंग सोडला तर खासगी रुग्णालयात जाण्याआधी सरकारी रुग्णालयाचं पत्र लागतं. बेळगावात लोक सिव्हिलमधून ते घेतात. आधी खासगीत भरती, नंतर पत्राची धावपळ, असं झालं की मधल्या दिवसांचं बिल घरच्यांवर येतं. भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला) गाठा. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव अक्षरशः जुळतं का, तेही बघा. कन्नडमध्ये एक आणि मराठीत दुसरं अशा नावामुळे अडलेले अर्ज मी पाहिले आहेत.

८. आम्हाला मिरज किंवा कोल्हापूर जवळ पडतं. तिथे कर्नाटकाचं कार्ड चालतं का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याला एका शब्दात उत्तर नाही.

केंद्राच्या आयुष्मान यादीत तुमचं कुटुंब असेल तर ते कार्ड दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही चालावं, अशी तरतूद आहे. पण कर्नाटकानं स्वतःच्या पैशानं रेशन कार्डावरून जोडलेली कुटुंबं वेगळी. त्यांचा हक्क राज्याबाहेर धरून चालू नका. हातातलं कार्ड दिसायला सारखंच असतं, म्हणून गोंधळ होतो.

महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी. सीमाभागातल्या ८६५ गावांना ती लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये जाहीर केला. कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. दोन सरकारांच्या या ओढाताणीत पेशंटची फाईल अडकू नये, एवढंच माझं म्हणणं. म्हणून गावाचं नाव यादीत आहे एवढ्यावर पेशंट हलवू नका. ज्या रुग्णालयात जायचं तिथल्या आरोग्यमित्राला फोन करा, कार्डाचा फोटो पाठवा, ‘या आजाराचं पॅकेज या कार्डावर मिळेल का’ असं स्पष्ट विचारा, आणि उत्तर देणाऱ्याचं नाव व तारीख लिहून ठेवा.

९. मोठा उपचार आहे. मुंबईला जावं की बेंगळुरूला?

बेळगावातून दोन्ही साधारण पाचशे किलोमीटर. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बेंगळुरूचं किदवाई, दोन्ही सरकारी मदतीची मोठी कॅन्सर केंद्रं. वैद्यकीय निवड डॉक्टर सांगतील. खर्चाच्या बाजूनं बघायचं ते असं: कार्ड कुठे चालतं (प्रश्न ८), नातेवाइकाची खोली कुठे आहे, आणि सोबत जाणाऱ्याला कुठली भाषा येते. हे शेवटचं हलक्यात घेऊ नका. औषधाचा डोस नीट न समजल्यामुळे पुन्हा केलेली एक फेरी चार दिवसांची मजुरी खाते.

हुबळी, मिरज किंवा बेळगावातच भागणार असेल तर घरचे तुटत नाहीत. निदान आणि उपचाराचा आराखडा मोठ्या केंद्रात आणि पुढची केमो जवळ, अशी वाटणी होईल का, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

१०. प्रवासात काही सवलत मिळते का?

रेल्वेत कॅन्सर रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सूट आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

बसचं गणित मात्र सीमेवर बदलतं. ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. म्हणून आई मुलाला घेऊन हुबळीला गेली तर तिचं तिकीट नाही. तीच आई कोल्हापूरला निघाली की सीमेपलीकडचे पैसे पडतात. महाराष्ट्रात एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेही राज्याच्या हद्दीत. महिन्यातून चार फेऱ्या असल्या की केंद्र कुठलं निवडायचं, यावर याचाही परिणाम होतो. नोंदवहीत बसचा मार्ग मी यासाठीच विचारते.

११. मुलाचे रिपोर्ट चांगले आले. केमो थांबवली तर चालेल का? पैसेही संपलेत.

थांबवू नका. पैसे संपलेत हे आजच डॉक्टरांना आणि समाजसेवा विभागाला सांगा.

श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामागे उशिरा निदान, औषधाचा तुटवडा आणि मध्येच सोडलेला उपचार ही मोठी कारणं आहेत. एएलएलमध्ये रिपोर्ट साफ दिसले तरी लपलेल्या पेशी उरतात. पुढची दीड-दोन वर्षं त्यांच्यासाठीच असतात. आजार उलटला तर उपचार जास्त जड, जास्त महाग आणि यशाची शक्यता कमी.

केमोच्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असो वा पाऊस, लगेच रुग्णालय. जंगलातल्या वस्त्यांना पावसाळ्यात हे जमत नाही, म्हणून कित्येक घरं शहरात खोली घेऊन राहतात. त्या खोलीचं भाडं हा उपचाराचाच खर्च आहे, असं माझं ठाम मत आहे आणि योजनेनं तो द्यायला हवा.

१२. मुलगी असेल तर उपचारात फरक पडतो का?

पडू नये, पण पडतो. भारतातल्या नोंदींत कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांमध्ये मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते, आणि हा सगळा फरक आजाराच्या स्वभावानं पडलेला नाही. काही मुली रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत.

घरातली दुसरी मुलगीही मोजायला हवी. प्रश्न ३ मधली वही लिहिणारी बहीण भावाच्या उपचारात बारावीच्या परीक्षेला बसली नाही. तिच्या वहीत ही ओळ नाही. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्याला कुठे पैसे पडले?’

१३. कार-टी नावाचा नवा उपचार आलाय. आम्हाला मिळेल का?

रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून परत देतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात तीन-चार कोटींचा खर्च, इथे तीस-चाळीस लाखांच्या आसपास. हे मोठं यश आहे. पण पाच लाखांच्या कार्डावर जगणाऱ्या घराला ते अजून दूरच आहे. शिवाय तो सगळ्या रक्ताच्या कॅन्सरना लागू नाही. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या काही प्रकारांसाठीच आहे. यासाठी जमीन विकण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या.

१४. अशा योजनांनी खरंच जीव वाचतात, हे कुणी तपासलंय का?

तपासलंय, आणि तेही कर्नाटकातच. गरीब कुटुंबांसाठीची वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये राज्याच्या उत्तरेकडे आधी सुरू झाली, दक्षिणेकडे नंतर. संशोधकांनी त्या हद्दीच्या दोन्ही बाजूंची लगतची गावं घेतली: सारखीच माणसं, सारखीच शेती, फक्त योजना एका बाजूला. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आले. योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू योजनेच्या बाजूला ६४ टक्के कमी होते. या आजारांत कॅन्सरही होता.

मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. कागदावरच्या एका रेषेमुळे कोण जगतं हे बदलू शकतं, हे त्यानं आकड्यांत दाखवलं. आपल्याकडची रेषा तर दोन राज्यांमधली आहे.

१५. आमचा पेशंट कर्नाटकातला, उपचार महाराष्ट्रात. सरकारी आकडेवारीत तो कुठे येतो?

कधी कधी कुठेच नीट येत नाही. लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी ठरावीक भागांत होते. बेंगळुरूत ती १९८२ पासून आहे, महाराष्ट्रात बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून. अशी नोंदणी आपल्या हद्दीतल्या रहिवाशांचीच मोजणी करते. मिरजेच्या वॉर्डात पडलेला चिकोडीचा माणूस तिथे ‘बाहेरचा’ आणि इथे गैरहजर. आकडा कमी दिसला की गरजही कमी आहे असं वाटतं आणि सोयी त्याच हिशेबानं येतात. म्हणून आम्ही पत्ता राहत्या गावाचा घेतो, उपचाराच्या ठिकाणाचा नाही.

१६. तुमचा सीमावादाशी संबंध आहे का? आणि माहिती कुणाला देता?

नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत जातो, फॉर्म दोन्ही भाषांत असतो. नाव, फोन, कार्ड नंबर विश्लेषणात जात नाही. नोंद दिली म्हणून मदत मिळते असं नाही आणि नकार दिला म्हणून उपचारात काही अडत नाही.

१७. आमचा पेशंट वारला. आता हिशेब देऊन काय उपयोग?

हे विचारायला मलाही जड जातं. तरी विचारते. फक्त जगलेल्यांचे हिशेब धरले तर लवकर गेलेली माणसं गणितात ‘स्वस्त’ दिसतात, कारण त्यांचा खर्च मध्येच थांबला. तो का थांबला, पैसे संपले म्हणून की आजारानं, हे फक्त घरचे सांगू शकतात. कर्जाचे हप्ते तर त्यानंतरही चालूच असतात.

दिवसकार्य होईपर्यंत आम्ही फोन करत नाही. नंतरही नको वाटलं तर नको म्हणा, पुन्हा विचारणार नाही. द्यायचं ठरवलंत आणि बिलं हरवली असतील तरी चालेल. सोसायटीच्या कर्जाची पावती, सोनं गहाण ठेवल्याची चिठ्ठी, किंवा घरात कुणी लिहिलेली वही असेल तर ती घेऊन या.